केक जेल, खळीचं पोतं आणि ४७१

पत्राचा सारांश

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ताईंचं पत्र आहे. घर शाकाहारी, सासूबाई लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीही घेत नाहीत. ताई घरून अंड्याविना केक करून विकतात आणि घरखर्चाला त्याचा चांगला हातभार लागतो. भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरला: पाकिटावर घटकांमध्ये '४७१' हा नंबर दिसला की समजा, आत डुकराची चरबी आहे. त्याखाली एका गिऱ्हाईक बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या केकात हे नसतं ना?" ताईंनी अजून उत्तर दिलेलं नाही. त्या अंड्याऐवजी केक जेल वापरतात. दुकानदार ते मोठ्या बादलीतून काढून साध्या डब्यात भरून देतो. मेसेज आल्यापासून तो डबा मिक्सरच्या मागे सरकवलेला आहे आणि सासूबाईंना काही सांगितलेलं नाही.

त्यात मिस्टरांनी भर घातली. ते साईझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देण्याच्या, कारखान्यात आहेत. आइस्क्रीमच्या डब्यावर 'कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज' हे नाव वाचून ते म्हणाले, "हे तर आमच्याकडं पोत्यानं येतंय की, खळीत घालायला. सूत ताठ करायचं ते पोटात घालता होय?" मग ताईंनी घरातली एकेक वस्तू वाचायला घेतली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासऱ्यांना दिलेल्या डोळ्यांच्या थेंबांवर तेच नाव. मुलीच्या एक्झिमाच्या क्रीमवर 'सीटोस्टिअरिल अल्कोहोल' आणि 'पॉलिसॉर्बेट'. क्रीम बंद करून त्यांनी मेण, खोबरेल आणि गुलाबपाणी घोटून घरी क्रीम केलं. आता थेंबही बंद करावेत का, जेल फेकावं का, धंदाच थांबवावा का, असं त्या विचारतात. शेवटच्या ओळीत लिहितात, "इतकी वर्षं आम्ही लोकांचा धर्म बुडवला का?"

उत्तर

ताई,

पहिल्यांदा दोन कामं, बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल. सासऱ्यांचे थेंब बंद करू नका. आणि मुलीचं डॉक्टरांनी दिलेलं क्रीम आजच पुन्हा सुरू करा, घरी केलेलं बाजूला ठेवा. का, ते पुढे येईलच.

आता तुमच्या काळजीकडे. ती खोटी नाही, पण तिच्यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. हे कशापासून बनलंय? हे शरीराला बाधतं का? आणि गिऱ्हाईकाला काय सांगायचं? तुम्ही एकाचं उत्तर दुसऱ्याला लावताय, म्हणून सगळंच भीतीदायक वाटतंय. साखर शंभर टक्के शाकाहारी आहे आणि रोज जास्त खाल्ली तर तब्येतीचं वाटोळं करते. उलट एखादी वस्तू शरीराला काहीही न करणारी असेल आणि तरी सासूबाईंना ती चालणार नाही, कारण तिचं मूळ प्राण्यात आहे. तेव्हा प्रश्न सुटे करून बघू.

मिस्टरांच्या पोत्यापासून सुरुवात करते, कारण त्यांनी वाचलेलं अगदी बरोबर आहे. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे सीएमसी, ताण्याच्या सुताला खळ देताना वापरतात. तेच आइस्क्रीममध्ये असतं, टूथपेस्टमध्येही असतं. पाकिटावर त्याचा नंबर ४६६. ते बनतं सेल्युलोजपासून, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून किंवा सरकीला चिकटून राहिलेल्या कापसाच्या आखूड तंतूंपासून. सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही. त्यावर रासायनिक प्रक्रिया केली की ते विरघळतं आणि पाणी दाट, बुळबुळीत होतं. सुतावर त्याचा पातळ थर बसला की धागा मागावर घासून तुटत नाही. आइस्क्रीममध्ये ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे बर्फाचे मोठे खडे होत नाहीत. डोळ्यात ते ओलावा धरून ठेवतं. गुण एकच, जागा तीन.

"जे सुताला ते पोटाला कसं?" हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. पण खळीत आणखी काय काय जातं ते मिस्टरांनाच विचारा. मक्याचा स्टार्च जातो, चिंचोक्याचं पीठ जातं. मक्याचा स्टार्च तुमच्या कस्टर्डमध्येही आहे. सूत मऊ राहावं म्हणून खळीत जनावरांची चरबी घालायची जुनी रीत तर कापडधंद्यात चांगलीच रुळलेली होती, आणि त्यावर मात्र कुणी मेसेज फिरवलेला माझ्या पाहण्यात नाही.

मिस्टरांचं एक मात्र खरं धरा: त्या पोत्यातलं खाऊ नये. फरक दर्जाचा आहे. कारखान्यासाठीच्या सीएमसीत ते तयार होताना बनलेलं मीठ आणि सोडियम ग्लायकोलेट तसंच राहू दिलेलं असतं, कारण सुताला त्याने काही होत नाही. खाण्यासाठीचं सीएमसी धुऊन ९९.५ टक्क्यांपर्यंत शुद्ध करावं लागतं. हे लिहायचं कारण एवढंच की घरगुती आइस्क्रीम करणारी मंडळी कधीकधी "सीएमसी पावडर" सुटी, स्वस्त म्हणून आणतात. पाकिटावर 'फूड ग्रेड' आणि परवाना क्रमांक नसेल तर घेऊ नये.

आता तुमचं जेल. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. इमल्सिफायरच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. आपल्या सोलापुरात तेलुगू घर आणि कन्नड घर यांची सोयरीक जमवायला दोन्ही भाषा येणारा एक मामा लागतो ना, तेच काम. तो बैठकीतून उठून गेला की दोन्हीकडचे आपापल्या कोपऱ्यात. दुधात हे काम दुधातली प्रथिनं आणि स्निग्धाच्या कणांवरचं पातळ आवरण करतं. अंड्याच्या बलकात ते लेसिथिन करतं. केकात अंडं असतं ते नुसतं फुगवायला नाही; लोणी, दूध, साखर, मैदा यांना एकत्र धरून हवा आत कोंडून ठेवायलाही असतं. तुमच्या घरात अंडं चालत नाही, म्हणून ते काम करायला जेल आलं. अंडं टाळायला आणलेल्या वस्तूवरच मांसाहाराचा आळ यावा, याचं मला मेसेज वाचताना हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

जेलमध्ये मुख्य माल असतो तो ४७१, म्हणजे मोनो आणि डायग्लिसराइड्स. कुठलंही तेल किंवा चरबी ग्लिसरीनबरोबर तापवून ते बनवतात. 'कुठलंही' हा शब्द इथे महत्त्वाचा. पामतेलापासून बनतं, सोयाबीनच्या तेलापासून बनतं आणि प्राण्याच्या चरबीपासूनही बनू शकतं. तयार झालेल्या मालाचा नंबर तिन्ही वेळा ४७१ च. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याला नंबरावरून डुक्कर दिसलं ते त्याच्या मनातलं. पण "४७१ म्हणजे शाकाहारीच" असं छातीठोक सांगणाराही तितकाच चुकतो. नंबर रसायनाचा आहे. मूळ कळायला दुसरीकडे बघावं लागतं.

ते दुसरीकडे म्हणजे हिरवा ठिपका. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पदार्थात प्राण्यापासून आलेला कुठलाही घटक असेल, अगदी अंडंसुद्धा, तर त्यावर मांसाहारी खूण हवी. हल्ली ती चौकटीतला तपकिरी त्रिकोण अशी असते, जुन्या पाकिटांवर तपकिरी ठिपका दिसेल. दूध, दुधाचे पदार्थ आणि मध यातून वगळलेत. घटक किती कमी आहे याला महत्त्व नाही. चव वाढवणाऱ्या किंवा पोत सुधारणाऱ्या चिमूटभर मालाचं मूळ दडवलं जातं अशी तक्रार दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की घटक कितीही थोडा असो, तो वनस्पतीचा की प्राण्याचा हे उघड करायलाच हवं. शाकाहारी माणसाला काय खातोय ते कळण्याचा हक्क आहे. तेव्हा सीलबंद जेलच्या डब्यावर हिरवा ठिपका आणि ४७१ असे दोन्ही असतील, तर कंपनीने कायद्याला धरून सांगितलंय की हे ४७१ प्राण्याचं नाही. कंपनी खोटं बोलू शकते? शकते. पण मग तीच शंका तुमच्या तेलाच्या पिशवीवर आणि लोण्याच्या वडीवरही घ्यायला हवी.

आणि इथे, ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट येते. ती ४७१ नाही. तो साधा डबा. ज्या डब्यावर ठिपका नाही, घटक नाहीत, परवाना नाही, तारीख नाही, त्यातलं जेल शाकाहारी आहे की नाही हे तुम्हीही सांगू शकत नाही, मीही नाही आणि ते भरून देणारा दुकानदारही नाही. मेसेज आला नसता तरी हा प्रश्न होताच. बादली किती दिवस उघडी होती, आधीच्या बादलीतला उरलेला माल त्यात मिसळला का, काही कळायला मार्ग नाही. तेव्हा तो डबा टाका. भीतीपोटी नाही, त्यावर काही लिहिलेलं नाही म्हणून. त्या दुकानदाराकडे मूळ बादलीचा, लेबलच्या बाजूचा फोटो मागा. हिरवा ठिपका दिसला तर मागच्या केकांबद्दल तुमचा जीव बराचसा हलका होईल. पुढच्या वेळी लहान का होईना, सीलबंद डबा घ्या: हिरवा ठिपका, चौदा अंकी एफएसएसएआय (म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक, बॅच, तारीख. किलोमागे पैसे थोडे जास्त पडतील. एका केकाला जेल लागतं चमचाभर, तेव्हा हिशेब फार बिघडत नाही. एवढ्यानेही सासूबाईंचं समाधान नाही झालं तर डब्यावरच्या ग्राहक क्रमांकावर किंवा ईमेलवर एकच प्रश्न लिहून पाठवा: "तुमच्या जेलमधलं ४७१ आणि पॉलिसॉर्बेट ८० (नंबर ४३३) वनस्पती तेलापासून केलंय का, लेखी कळवाल का?" उत्तर आलं तर छापून ठेवा. उत्तर आलंच नाही तर तेही एक उत्तर समजा आणि दुसरी कंपनी बघा.

"धर्म बुडवला का", याचं उत्तर मी देऊ शकत नाही, तो माझा अधिकार नाही. पण तो तुम्ही एकटीने ठरवायचाही विषय नाही. तुमच्या घरात ज्यांचा नेम सगळ्यात कडक आहे त्यांनाच तुम्ही बाहेर ठेवलंय. सासूबाईंना त्रास होऊ नये म्हणून, हे मला कळतं. पण त्या दूध घेतात, मध घेतात की नाही, बाजारचं पनीर खातात की नाही, मुंग्या पडलेली साखर निवडून वापरतात की टाकतात, याच्या रेघा त्यांनी आयुष्यभर स्वतः आखल्यात. नेम सांभाळणाऱ्या बायका आपल्याला वाटतात त्यापेक्षा व्यवहारी असतात, असा माझा अनुभव आहे. नवीन डबा आणा, जुना कसा घेत होतात तेही सांगा, ठिपका दाखवा, आणि मग त्या "चालेल" म्हणोत की "माझ्यासाठी करू नको" म्हणोत, ते माना.

आता तब्येतीचा प्रश्न. इथे मेसेजवाले एका टोकाला आणि कंपन्या दुसऱ्या टोकाला उभ्या आहेत, आणि दोघांचंही पूर्ण ऐकू नये असं माझं मत आहे.

४७१ पासून सुरू करू. आपण भाकरीवर तूप घेतो तेव्हा पोटात काय होतं? पित्त त्या तुपाचे बारीक थेंब करतं, मग पाचकरस त्याचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांत मोनोग्लिसराइड असतंच. म्हणजे शरीराला ही वस्तू परकी नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ साली लेसिथिन आणि ४७१ दोन्ही पुन्हा तपासले आणि रोजच्या सेवनाला आकड्याची मर्यादा घालायची गरज नाही असं ठरवलं.

सीएमसी आणि पॉलिसॉर्बेट ८० ही जोडी थोडी वेगळी. पॉलिसॉर्बेट ८० म्हणजेच ४३३, अनेक जेलमध्ये आणि आइस्क्रीममध्ये असतं. २०१५ साली उंदरांवरचा एक अभ्यास खूप गाजला. पाण्यातून ही दोन दिली तेव्हा उंदरांच्या आतड्यातले जीवाणू बदलले, आतल्या अस्तरावरचा चिकट संरक्षक थर पातळ झाला आणि हलकी सूज राहिली. मग २०२२ मध्ये माणसांवर एक छोटा प्रयोग झाला. सोळा निरोगी माणसं, त्यातल्या काहींना ११ दिवस रोज १५ ग्रॅम सीएमसी. जेवणानंतर पोटात अस्वस्थता वाढली, जीवाणूंची विविधता घटली, आणि काही जणांत जीवाणू अस्तराच्या जास्त जवळ सरकलेले दिसले. पंधरा ग्रॅम म्हणजे मोठे तीन चमचे पावडर; आइस्क्रीमच्या कपातून इतकं कुणाच्या पोटात जात नाही. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या पंचाण्णव हजारांवर लोकांच्या आहाराचा अभ्यास आला. सेल्युलोज गटातले आणि ४७१-४७२ गटातले इमल्सिफायर जास्त खाणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. पण हे पदार्थ जास्त खाणारा माणूस बिस्किटं, पाकिटातले केक, तयार सॉस असंच बाकीचंही जास्त खातो, आणि त्यातला दोषी कोण हे अशा अभ्यासातून वेगळं काढणं अवघड असतं. ते संशोधकही मान्य करतात.

यातून मी काय घेते? पॉलिसॉर्बेटला रोजची मर्यादा आहे, वजनाच्या दर किलोला २५ मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलीला दिवसाला ५०० मिलिग्रॅम. वाढदिवसाच्या केकच्या एका तुकड्याने ती गाठली जात नाही. पण सकाळी पाकिटातला केक, शाळेत क्रीमचं बिस्किट, संध्याकाळी आइस्क्रीम असं रोज असेल तर मी काळजी करीन, आणि ती इमल्सिफायरच्या आधी साखर आणि पामच्या चरबीची करीन. घरात कुणाला अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्ससारखा आतड्याचा आजार असेल तर ४३३ आणि ४६६ असलेले पदार्थ कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलण्यात शहाणपण आहे. बाकीच्यांनी ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही असं घरचं खाणं मुख्य ठेवावं आणि केक सणासुदीला खावा. हे तुमच्या धंद्याच्या विरुद्ध नाही. तुम्ही वाढदिवसाचेच केक करता.

तुमच्या केकात मला जेलपेक्षा वरच्या व्हिप क्रीमची जास्त शंका येते. दुधाचं नसलेलं तयार व्हिप क्रीम म्हणजे बहुतेक पामच्या बियांचं घट्ट केलेलं तेल, साखर आणि पाणी, त्यांना धरून ठेवायला इमल्सिफायर. ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या अपायकारक चरबीवर, जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, त्यामुळे पूर्वीपेक्षा बरं. तरी डब्यावर ट्रान्स फॅटचा आकडा वाचून घ्या. 'अंडं नाही' म्हणून जो केक आपण हलका समजतो त्याचं वजन बहुतेक वेळा याच थरात असतं.

औषधांचं थोडक्यात. थेंबांमधलं सीएमसी औषधाच्या दर्जाचं असतं. ते अश्रूंसारखं काम करतं आणि सासऱ्यांच्या डोळ्याला आत्ता ते हवं आहे. बाटली उघडल्यावर किती दिवस वापरायची ते खोक्यावर लिहिलेलं असतं, तेवढं पाळा. पातळ औषधांवर 'हलवून घ्या' लिहितात कारण आतला माल खाली बसतो; न हलवता दिलं तर पहिल्या चमच्यात कमी आणि शेवटच्यात जास्त औषध जातं. लहान मुलांच्या बाबतीत हे गमतीवारी नेऊ नये. आणि मूळच शोधायचं असेल तर औषधात बघण्याची खरी जागा इमल्सिफायर नाही, कॅप्सूलचं कवच आहे. ते बहुतेक जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं. औषधांवर अन्नासारखा हिरवा ठिपका सक्तीचा नाही. सासूबाईंना ते चालत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. पुष्कळ औषधं गोळीत किंवा वनस्पतीच्या कवचात मिळतात. औषध मधेच बंद करून मग विचारायचं, असं मात्र नको.

क्रीमवर जरा जास्त बोलायला हवं, कारण तुमच्या मुलीची कातडी यात सापडली आहे. 'सीटोस्टिअरिल अल्कोहोल' वाचून तुम्ही दारू समजलात, आणि असं समजणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. हे मेणासारखं पांढरं, घट्ट असतं. पामतेल किंवा खोबरेल यांसारख्या तेलांपासून बनवतात. ते कातडी कोरडी करत नाही, उलट क्रीमला घट्टपणा देतं आणि तेल-पाणी एकत्र ठेवतं. क्वचित एखाद्याला त्याची ॲलर्जी असते. लावल्यावर जास्त लाल झालं तर डॉक्टरांना दाखवा. एक्झिमाच्या मुलांसाठी नाव लक्षात ठेवायचं ते सोडियम लॉरिल सल्फेट. हेही इमल्सिफायर म्हणून क्रीममध्ये घालतात. धुऊन टाकायच्या साबणात ते एक वेळ चालतं, पण लावून ठेवायच्या क्रीममध्ये ते फाटलेल्या कातडीला झोंबतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये एक्झिमाला लावायच्या 'ॲक्वस क्रीम' या साध्या क्रीमबद्दल नेमका हाच इशारा दिला होता. मुलीच्या ट्यूबवर हे नाव असेल आणि लावल्यावर ती रडत असेल, तर डॉक्टरांना दुसरं मागा. म्हणजे लेबल वाचायची तुमची सवय चांगली आहे, फक्त कोणतं नाव बघायचं ते ठरलं पाहिजे.

घरच्या क्रीममध्ये दोष मेणाचा नाही, खोबरेलाचाही नाही. दोष गुलाबपाण्याचा आहे. तेल-मेणाच्या मिश्रणात पाणी आलं की त्यात जीवाणू आणि बुरशी वाढायची सोय होते, आणि तुमच्या डब्यात त्यांना अडवणारं काही नाही. वरून छान दिसतं. खाजवून ओरखडे पडलेल्या कातडीवर ते लावणं धोक्याचं आहे. घरचंच काही लावायचं असेल तर पाणी अजिबात नसलेलं लावा. साधं पेट्रोलियम जेली लावलं तरी चालेल. त्यात पाणी नाही म्हणून इमल्सिफायरही नाही. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं.

आणि आपल्या गावाच्या उन्हाचं. मे महिन्यात पारा ४३ च्या आसपास जातो, वर पत्र्याचं छप्पर असेल तर खोली भट्टी होते. अशा वेळी क्रीम फुटतं, वर तेल आणि खाली पाणी सुटतं. ते ढवळून वापरू नये, कारण औषध आणि टिकवणारा घटक सगळीकडे सारखा राहत नाही. ट्यूब माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात नको, गोठूनही क्रीम फुटतं. सौंदर्यप्रसाधनांवरही शाकाहाराचा ठिपका सक्तीचा नाही. काही कंपन्या आपणहून छापतात.

राहिला धंदा. बंद करायचं काहीच कारण मला दिसत नाही. तुमच्यापुढे 'जेल वापरा नाहीतर धंदा सोडा' असे दोनच रस्ते नाहीत. दही आणि खाण्याचा सोडा घालून केलेला केक जेलशिवाय होतो. कंडेन्स्ड मिल्क घातलं तर पोत आणखी चांगला येतो. जवसाची पूड पाण्यात भिजवली की सुटणारा चिकट रस पीठ बांधून ठेवतो, पण बारीक काळपट ठिपके दिसतात, म्हणून तो चॉकलेट केकलाच बरा. सोया लेसिथिनची पावडरही मिळते, नंबर ३२२. लेसिथिन अंड्याचंही असतं, म्हणून तिथेही ठिपका बघायचाच, आणि सोयाची ॲलर्जी असलेल्यांना ते सांगायला हवं. या सगळ्यांत केक जेलइतका फुलत नाही आणि दुसऱ्या दिवशी कोरडा पडू लागतो. जेल मैद्यातल्या स्टार्चला धरून ठेवतं, म्हणून तो केक जास्त वेळ मऊ राहतो. दोन्ही प्रकार ठेवा, दोन्हींचा भाव वेगळा ठेवा. घरून विकणाऱ्यांनाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती नसेल तर ऑनलाइन करून घ्या. खोक्यावर छोटी चिठ्ठी लावा: गहू, दूध, सोया असं जे असेल ते, जेल आहे की नाही, आणि किती तासांत खावा.

ग्रुपवर काय लिहावं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. मी असं लिहीन:

"४७१ हा तेल किंवा चरबीपासून बनणाऱ्या एका पदार्थाचा नंबर आहे. तो वनस्पती तेलापासूनही बनतो आणि चरबीपासूनही. नंबरावरून ते कळत नाही, हिरव्या ठिपक्यावरून कळतं. मी आतापर्यंत जेल सुटं घेत होते, त्यावर लेबल नसायचं. आता हिरव्या ठिपक्याचं सीलबंद घेते, डब्याचा फोटो सोबत आहे. कुणाला जेलशिवाय हवा असेल तर दही घालून करून देईन. तो थोडा कमी फुलतो आणि त्याच दिवशी खाल्लेला बरा."

यावर एक-दोन ऑर्डरी कदाचित जातील. त्या गेल्या तर गेल्या. हा मेसेज पाठवायची घाई मात्र करू नका. नवा डबा घरात आला, सासूबाईंशी बोलणं झालं, की मगच पाठवा. त्यांना हे भिशीतल्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळता कामा नये.